बलून, इंपेला, एक्मो: सही करण्याआधी काय विचारायचं

प्रश्न: माझ्या बहिणीचे यजमान, वय ५२, राहणार डिचोली. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला, तेव्हापासून पंपिंग २० टक्के. गेल्या आठवड्यात दम लागला म्हणून अॅडमिट केलं. चार दिवस आयसीयूत आहेत, बीपीची दोन इंजेक्शनं सतत चालू आहेत. आज डॉक्टर म्हणाले, हृदयाला आधार द्यायला बलून किंवा इंपेला ही यंत्रं लावावी लागतील, त्यानं भागलं नाही तर एक्मो. बहीण म्हणते, यंत्र लावलं म्हणजे सगळं संपलं. तिचे दीर म्हणतात, बिल वाढवायचा प्रकार आहे. सही करायची का? की मुंबईला हलवायचं?

उत्तर:

यंत्र लावलं म्हणजे सगळं संपलं, असं नसतं, ताई. उलट करण्यासारखं काही उरलं नसेल तर जाणता डॉक्टर यंत्राचं नावच काढत नाही. त्यांनी ते काढलंय, म्हणजे त्यांना अजून वाट दिसतेय. ती वाट कुठे जाते, हे मात्र सहीच्या आधी विचारायलाच हवं.

मी भूलतज्ज्ञ आहे. बावीस वर्षं हृदयाच्या ऑपरेशन थिएटरात आणि त्याला लागून असलेल्या आयसीयूत गेली, त्यातली बरीचशी गोव्यात. तुमच्या भावोजींना मी पाहिलेलं नाही. त्यांच्या खाटेजवळ उभे असलेले डॉक्टर जे सांगतील त्याला माझ्या शब्दापेक्षा जास्त किंमत द्या. पण ते धावपळीत दोन वाक्यांत जे सांगतात, ते मी इथे सावकाश सांगू शकतो.

आधी पंपिंगचं बोलू, म्हणजे दर ठोक्याला हृदयाच्या डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं त्याचं. हा आकडा आपल्याकडे घरातल्या सगळ्यांना पाठ असतो आणि त्याचीच सगळ्यांना धास्ती असते. पण २० टक्के पंपिंग असलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत, ती शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात पिशवी घेऊन फिरतात. नुसत्या या आकड्यावरून यंत्र लावत नाहीत. यंत्र लावतात ते शॉकसाठी. शॉक म्हणजे हृदय इतकं कमी रक्त पुढे ढकलतंय की मूत्रपिंड, यकृत, मेंदू उपाशी राहायला लागलेत. वरचं बीपी ९० च्या खाली, हातपाय गार, माणूस गोंधळल्यासारखा, लघवी तासाला ३० मिलीपेक्षा कमी, रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे शरीराला प्राणवायू कमी पडला की वाढणारं आम्ल, २ च्या वर आणि चढतं. भेटीच्या वेळी मॉनिटरवरचे आकडे वाचत बसू नका. खाटेच्या कडेला लटकलेली लघवीची पिशवी बघा आणि पायाच्या बोटांना हात लावा. त्या दोन गोष्टींतून तुम्हाला मॉनिटरपेक्षा जास्त कळेल.

बीपीची इंजेक्शनं चालू असताना आणखी यंत्र कशाला, असं तुमच्या मनात येत असेल. नॉरअॅड्रेनलिन, डोब्युटामिन ही औषधं म्हणजे दमलेल्या बैलाला पराणी टोचणं. बैल चालतो, पण त्याचा दमही वाढतो. औषधानं हृदयाची प्राणवायूची भूक वाढते, ठोके बिघडू शकतात, आणि नॉरअॅड्रेनलिनसारख्या औषधाचा डोस चढत गेला तर हातापायांच्या आणि आतड्यांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. यंत्र पराणी टोचत नाही, ते गाडीला मागून खांदा लावतं. म्हणून एक औषध पुरत नाही, दुसरं लावूनही लघवी वाढत नाही, तिसऱ्याची तयारी चाललीय, तेव्हाच यंत्राचा विचार करायचा असतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंड थकलं की वाढणारा रक्तातला आकडा) चौपट झाल्यावर आणि माणूस बेशुद्ध पडल्यावर लावलेलं यंत्र बहुतेक वेळा नुसतं फिरत राहतं. शॉकच्या ए ते ई अशा पाच पायऱ्या २०१९ पासून वापरात आहेत. सी म्हणजे उघड शॉक, डी म्हणजे उपचार चालू असूनही ढासळणारा, ई म्हणजे अगदी टोकाचा. डॉक्टरांना सरळ विचारा, आज ते कुठल्या पायरीवर आहेत आणि काल कुठे होते. आजच्या पायरीइतकीच कालची पायरीही महत्त्वाची आहे.

आता यंत्रं. बलून पंप सगळ्यांत जुना. १९६७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एड्रियन कँट्रोविट्झ या सर्जननं तो पहिल्यांदा माणसाला लावला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, केपटाउनमध्ये बर्नार्ड या सर्जननं जगातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केल्यावर तीनच दिवसांनी, अमेरिकेतलं पहिलं हृदय प्रत्यारोपणही याच माणसानं केलं. जांघेतल्या रोहिणीतून, म्हणजे धमनीतून, एक लांब फुगा छातीतल्या महारोहिणीत सरकवतात. तो साधारण ४० मिलीचा असतो आणि त्यात हेलियम खेळतो, कारण तो हलका वायू बारीक नळीतून झटकन आत-बाहेर करता येतो. हृदय विसावलं की फुगा फुगतो आणि हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत रक्त दाबतो. हृदय आकुंचन पावायच्या क्षणाआधी तो मिटतो, म्हणजे हृदयाला पुढे ढकलायला सोपं जातं. मिनिटाला जेमतेम अर्धा लिटर रक्ताची भर पडते. मदत थोडी, पण त्रासही थोडा, आणि तिन्हींत हाच स्वस्त.

इंपेला हा खराखुरा पंप आहे, पेन्सिलीच्या जाडीचा. जांघेतून नेऊन महारोहिणीच्या झडपेतून हृदयाच्या डाव्या कप्प्यात ठेवतात. एका टोकाकडून तो कप्प्यातलं रक्त ओढतो आणि झडपेच्या पलीकडे सोडतो. सीपी नावाचा प्रकार मिनिटाला साडेतीन लिटरच्या आसपास देतो, त्यासाठी आतला इवलासा पंखा मिनिटाला ४६,००० फेऱ्यांपर्यंत फिरतो. ५.५ हा मोठा प्रकार खांद्याजवळच्या रोहिणीतून छोटं ऑपरेशन करून घालतात. त्याचा फायदा असा की पाय मोकळे राहतात, माणूस उठून बसतो, दोन पावलं चालतोही. इतक्या वेगानं फिरणाऱ्या पंख्यात रक्तपेशी चिरडल्या जाऊ शकतात. एखाद्या सकाळी लघवी काळ्या चहासारखी दिसली तर सिस्टरला लगेच सांगा. पंप जरासा सरकलेला असू शकतो, तो इको बघून जागेवर आणता येतो.

तुमच्या भावोजींच्या बाबतीत इथे एक खास गोष्ट आहे. जुना अटॅक आणि २० टक्के पंपिंग असलेल्या हृदयाच्या टोकाशी कधीकधी रक्ताची गुठळी बसलेली असते. डाव्या कप्प्यात गुठळी असेल तर इंपेला घालत नाहीत, ती सुटून मेंदूत जाऊ शकते. इकोमध्ये गुठळी नाही ना, हे सहीच्या आधी विचारून घ्या.

एक्मोमध्ये हृदय आणि फुप्फुस दोघांचंही काम शरीराबाहेर होतं. जांघेतल्या मोठ्या शिरेतून रक्त बाहेर काढतात, पंपातून आणि कृत्रिम फुप्फुसातून फिरवतात आणि रोहिणीतून परत आत सोडतात. खाटेशी उभं राहिलात तर अंगठ्याएवढ्या जाड दोन नळ्या दिसतील. बाहेर येणारी कोकमाच्या आगळासारखी काळपट, आत जाणारी जास्वंदीसारखी लाल. दोन्हींचा रंग सारखा दिसायला लागला तर कृत्रिम फुप्फुस थकलंय असं आम्ही समजतो. त्या फुप्फुसाच्या पारदर्शक कवचावर सिस्टर दर काही तासांनी टॉर्च मारतात, ते गुठळ्या शोधण्यासाठी. एक्मो मिनिटाला चार-पाच लिटर देऊ शकतो, पण हे रक्त महारोहिणीत उलट्या दिशेनं येतं. म्हणजे दमलेल्या डाव्या कप्प्याला त्याच्याविरुद्ध ढकलावं लागतं. कप्पा फुगतो, फुप्फुसात पाणी साचतं. म्हणून पुष्कळदा एक्मोबरोबर बलून किंवा इंपेलाही ठेवावा लागतो. दोन यंत्रं लावली म्हणून दोन बिलं लावली असं नव्हे, दिरांना हे जरूर सांगा.

त्यांचा संशय मात्र मी उडवून लावणार नाही. या यंत्रांचे पुरावे पाहिले तर सावध राहायला खरंच कारण आहे. जर्मनीत ६०० रुग्णांवर बलूनची चाचणी झाली, २०१२ मध्ये निकाल आला. ३० दिवसांत दगावणाऱ्यांचं प्रमाण बलून लावलेल्यांत ३९.७ टक्के, न लावलेल्यांत ४१.३. म्हणजे फरक नाहीच. २०२३ मध्ये एक्मोचा निकाल आला, ३० दिवसांत एक्मोवाले ४७.८ टक्के दगावले, बाकीचे ४९ टक्के, आणि मोठा रक्तस्राव एक्मोवाल्यांत दुपटीहून जास्त. इंपेला सीपीचा निकाल २०२४ चा, डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटनमधल्या ३५५ रुग्णांचा. तिथे पहिल्यांदा फरक दिसला. १८० दिवसांत इंपेलावाले ४५.८ टक्के दगावले, बाकीचे ५८.५ टक्के. पण डायलिसिस, रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा तुटणं हे सगळं इंपेलावाल्यांत जास्त होतं. तेवढे रुग्ण गोळा करायलाच दहा वर्षं लागली, इतक्या निवडून घेतलेल्या माणसांची ती चाचणी होती. आणि या तिन्ही चाचण्या ताज्या हार्ट अटॅकच्या शॉकवरच्या आहेत. भावोजींसारखं जुनं, हळूहळू थकत आलेलं हृदय अचानक कोसळतं, तो प्रकार वेगळा. तिथे डॉक्टरांना अनुभवावरच जास्त विसंबावं लागतं. माझं स्वतःचं मत असं की यंत्र सगळ्यांना लावायचं नसतं आणि सगळ्यांना नाकारायचंही नसतं. त्या माणसाला त्यातून कुठे न्यायचंय यावर ते ठरतं.

आमच्या भाषेत या यंत्रांना पूल म्हणतात. मला ती फेरीबोट वाटते. रायबंदरहून चोडणला जायला आपण फेरीत चढतो ते पलीकडे उतरायचा धक्का आहे म्हणून. फेरीतच मुक्काम करता येत नाही. इंपेला सीपीला शॉकमध्ये अमेरिकेत मान्यता आहे ती ४ दिवसांची, ५.५ ला १४ दिवसांची. एक्मोवर आठवडा उलटला की प्रत्येक दिवसागणिक रक्तस्राव, जंतुसंसर्ग, गुठळ्या यांचं पारडं जड होत जातं. तेव्हा डॉक्टरांना विचारायचं ते हेच, पलीकडचा धक्का कुठला?

धक्के तीन असू शकतात. पहिला म्हणजे हृदय स्वतःच सावरणं. यातला एक अनुभव सांगतो. गणपतीच्या चवथीच्या आदल्या आठवड्यात सत्तरी तालुक्यातला एक तेवीस वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला. चार दिवस ताप, मग दम, आणि आला तेव्हा बीपी लागत नव्हतं. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आली होती. रात्री एक्मो लावला. सकाळी त्याच्या आईला आत बोलावलं, तर ती मॉनिटर बघून मटकन खालीच बसली. बीपीची लाल रेघ अगदी सरळ होती, एकही लाट नाही. तिला वाटलं, गेला. मी तिला मुलाच्या कपाळाला हात लावायला सांगितला, कपाळ ऊब धरून होतं. रक्त फिरत होतं, फक्त ते एक्मो फिरवत होता. एक्मोचा प्रवाह सलग असतो, त्यात ठोका नसतो, आणि त्याचं स्वतःचं हृदय अजून झडपही उघडत नव्हतं. तीन दिवस ती रेघ तशीच. चौथ्या दिवशी पहाटे ड्यूटीवरच्या सिस्टरनं मला उठवलं, म्हणाली, सर, रेघ हललीय. जाऊन बघतो तर तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा, प्रत्येक ठोक्याला एक. संध्याकाळपर्यंत तो बोटभर झाला. सातव्या दिवशी नळ्या काढल्या. चवथ त्यानं आयसीयूत काढली, पण पुढच्या वर्षी घरच्या गणपतीवरची फळाफुलांची माटोळी त्यानंच बांधली.

हे ऐकून तुम्हाला धीर येईल, पण भावोजींचा आणि त्याचा आजार एक नाही. बाळंतपणानंतर थकलेलं हृदय, सुजेनं थकलेलं हृदय, काही विषबाधांनी थकलेलं हृदय, ही पूर्ववत होऊ शकतात. दोन वर्षांपूर्वीच्या अटॅकनं जो स्नायू मेला तो परत येत नाही. म्हणून त्यांच्या बाबतीत प्रश्न असा की आत्ताच का ढासळले. गोळ्या बंद केल्या होत्या का? न्यूमोनिया झालाय का? ठोके बिघडलेत का? दुसरी रक्तवाहिनी बंद पडलीय का? झडप गळायला लागलीय का? यातलं दुरुस्त होण्यासारखं काही सापडलं तर यंत्रानं चार दिवस मिळवून ते दुरुस्त करायचं आणि माणसाला पुन्हा आपल्या जुन्या २० टक्क्यांवर आणून ठेवायचं. हा चांगला, खरा धक्का आहे. गोळ्यांचं मात्र बहिणीला विचारा, डॉक्टरांपुढे लोक हे लपवतात. दोन महिने बरं वाटलं म्हणून पाण्याची गोळी सोडली, असं नंतर कळतं.

दुसरा धक्का हृदय प्रत्यारोपणाचा, किंवा कायमचा पंप बसवण्याचा. कायमच्या पंपाचा खर्च बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरचा आहे. प्रत्यारोपणाला ५२ हे वय आड येत नाही. आपल्या देशात पहिलं प्रत्यारोपण मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीत केलं, रुग्ण वाचला नाही. पहिलं यशस्वी ठरलं ते ऑगस्ट १९९४ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून, अवयवदानाचा कायदा झाला त्याच वर्षी. आज ते नेहमीचं ऑपरेशन झालंय, पण हृदय मिळणं आपल्या हातात नसतं. दात्याचं हृदय काढल्यापासून साधारण चार तासांत बसवावं लागतं, रक्तगट आणि अंगकाठी जुळावी लागते. गोव्यातले रुग्ण यासाठी आजवर बहुतेक मुंबई, चेन्नई, बेंगळुरूकडेच गेले. यंत्रावरच्या चार-सहा दिवसांत हृदय मिळेल अशी खात्री कुणीच देऊ शकत नाही. म्हणून नावनोंदणीची चौकशी यंत्र लावायच्या दिवशीच सुरू व्हायला हवी.

तिसऱ्या प्रकाराला धक्का म्हणावं की नाही, माहीत नाही. मेंदू शाबूत आहे का, मूत्रपिंड परत येतंय का, हे कळेपर्यंत दोन-तीन दिवस घेणं. हेही रास्त आहे, पण मुदत आधी बोलून घ्या. ‘७२ तासांनी आपण परत बसू, लॅक्टेट आणि लघवी बघू, आणि पुढचं ठरवू’, असं डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्याशिवाय सही करू नका. ते उत्तर नकाराचं आलं तर यंत्र थांबवता येतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये त्याची वाट मोकळी केली आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. उपचारांबद्दलची आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याची व्यवस्था प्रत्यक्ष सुरू करण्यात तर गोवाच पुढे होता. भावोजी शुद्धीवर असतील तर त्यांना स्वतःला काय हवंय, हे आजच विचारा. उद्या श्वासाची नळी घालावी लागली तर विचारता येणार नाही.

मुंबईला हलवण्याबद्दल. दोन इंजेक्शनांवरचा शॉकमधला रुग्ण यंत्राशिवाय दहा-बारा तास रस्त्यानं न्यायचा, हे मला पटत नाही. चोर्ला घाटातून बेळगावला न्यायचं म्हटलं तरी वळणांवर, गचक्यांत, कमी माणसांत काही बिघडलं तर अँब्युलन्समध्ये करण्यासारखं फार थोडं असतं. हलवायचंच असेल तर क्रम असा हवा: आधी पलीकडच्या रुग्णालयानं खाट आणि डॉक्टर पक्के करायचे, मग इथेच यंत्र लावून बीपी आणि लघवी स्थिर करायची, मग यंत्र सांभाळणारा माणूस बरोबर घेऊन निघायचं. एक्मोवरचे रुग्ण विमानानंही जातात, दाबोळी आणि मोपा दोन्ही हाताशी आहेत. मात्र यंत्राची बॅटरी आणि प्राणवायूचे सिलिंडर पूर्ण प्रवासाच्या दुप्पट वेळ पुरतील का, हे निघण्याआधी कुणीतरी मोजलेलं असावं. तुम्हीच विचारा, वाईट वाटून घेणार नाहीत.

खर्चाचं लपवाछपवी न करता बोला. तिन्ही यंत्रांचे मुख्य भाग एकदाच वापरायचे असतात आणि इंपेला बलूनच्या कित्येक पट महाग आहे. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर त्यात यातलं काय बसतं ते काउंटरवर लेखी घ्या, यंत्राची किंमत आणि रोजचा खर्च वेगवेगळा मागा.

आता पाय. याबद्दल मी थोडं जास्त बोलणार, कारण एक चूक माझ्या अजून मनात आहे. मी नवीन असताना, एका दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात, एक्मोवरच्या रुग्णाचं हृदय पाचव्या दिवशी सावरलं. आम्ही सगळे खुशीत. पण जांघेतली जाड नळी रोहिणी जवळजवळ बुजवते, म्हणून पायाकडे रक्त नेणारी वेगळी बारीक नळी घालावी लागते, ती आम्ही उशिरा घातली होती. रात्रपाळीत पाय चादरीखाली झाकलेला होता आणि मीही चादर उचलून बघितली नाही. सकाळी पोटरी टणक, बोटं निळसर. माणूस वाचला, पाय गुडघ्याखालून गेला. तेव्हापासून माझ्या आयसीयूत यंत्रावरच्या रुग्णाचे पाय उघडे असतात आणि दर तासाला कुणीतरी डॉप्लर नावाच्या छोट्या यंत्रानं नाडी ऐकतं. तुम्हीही भेटायला जाल तेव्हा दोन्ही पावलांना हात लावून बघा. एक गार आणि एक गरम लागला, किंवा बोटांचा रंग वेगळा दिसला, तर तिथल्या तिथे बोला. तेल चोळू नका, पाय दुमडायला मदत करू नका. जांघेत नळी असताना पाय दुमडला तर नळी मुडपते किंवा सरकते. बलूनच्या पारदर्शक नळीत तांबूस ठिपके दिसले तरी ताबडतोब सिस्टरला हाक मारा, फुगा फाटल्याची ती खूण असते.

एक्मो लागलाच तर प्राणवायू मोजणारी बोटाची क्लिप उजव्या हातालाच का लावलीय, असं बहीण विचारेल. भावोजींचं स्वतःचं हृदय जोर धरायला लागलं की आजारी फुप्फुसातून आलेलं रक्त सगळ्यांत आधी उजव्या हाताला आणि मेंदूला पोचतं. डाव्या हाताचा किंवा पायाचा आकडा १०० असू शकतो आणि मेंदूला तरीही प्राणवायू कमी पडत असू शकतो. म्हणून ती क्लिप कुणी सोयीसाठी दुसऱ्या हाताला लावू देऊ नका.

बहिणीला आत जाऊ द्या. गुंगीत असले तरी त्यांच्याशी बोलायला सांगा, घरचं, रोजचं. आणि आज संध्याकाळी डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा घरातला एकच माणूस बोलू दे, दुसऱ्यानं वहीत लिहून घ्यावं: पायरी कुठली, ढासळण्याचं कारण काय, कप्प्यात गुठळी आहे का, पलीकडचा धक्का कुठला, मुदत किती. या पाचांची सरळ उत्तरं मिळाली, लघवी घटत चाललीय आणि मूत्रपिंड अजून तगून आहे, तर मी तुमच्या जागी सही केली असती, आणि उद्यावर न ढकलता आजच केली असती.